किरकोळ कोणासाठी?

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यातील एका सरकारी रुग्णालयात, गेल्या हिवाळ्यातील एका सकाळी, सात महिन्यांच्या एका मुलाच्या केसपेपरवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या गेल्या. त्यांचा मराठी अर्थ असा : ‘सूचना देऊनही बाळाला उपाशी ठेवले नाही. नातेवाइकांच्या चुकीमुळे शस्त्रक्रिया रद्द.’ त्या ओळींखाली मुलाच्या आईने अंगठा उमटविला. आपण कशावर अंगठा उमटवीत आहोत, हे तिला कोणी वाचून दाखविले नाही. शेजारच्या खाटेवर माझा पाच महिन्यांचा मुलगा त्याच शस्त्रक्रियेची वाट पाहत होता, म्हणून त्या ओळी माझ्या वाचनात आल्या.

रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, ते भिडेपोटी नव्हे. नाव लिहिले म्हणजे फार तर एका डॉक्टरची बदली होते, एका परिचारिकेला ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळते, एक चौकशी समिती बसते. आणि ज्या व्यवस्थेने त्या ओळी लिहविल्या ती जशीच्या तशी राहते. माझ्या मुलाची शस्त्रक्रिया ज्यांनी केली त्यांचे हात कुशल होते आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझे भांडण त्या दोन ओळींशी आहे. त्या खोट्या आहेत, असे माझे म्हणणे आहे. त्या कशा खोट्या आहेत हे सांगायचे तर तो दिवस पहिल्यापासून सांगणे भाग आहे.

दुखणे आणि त्याचे नाव

मी एका जिनिंग कारखान्यात हिशेब लिहितो. आमचे गाव पारोळ्याच्या बाजूचे. एसटीने एका दिशेला जळगाव, दुसऱ्या दिशेला धुळे. मुलगा तीन महिन्यांचा असताना अंघोळ घालताना त्याच्या उजव्या जांघेत फुगवटा दिसला. रडला की तो वाढे, निजला की नाहीसा होई. शेजारपाजारच्या बायकांनी निर्णय दिला की, आईने पोराला फार रडू दिले, त्याचे हे फळ. माझ्या पत्नीने तो निर्णय निमूटपणे ऐकून घेतला. म्हणजे रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वीच आमच्या घरात एक आई दोषी ठरली होती.

वस्तुस्थिती अशी आहे. मुलगा गर्भात असताना त्याची वृषणे पोटात तयार होतात आणि जन्मापूर्वी जांघेतील एका वाटेने खाली उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पिशवी त्यांच्याबरोबर खाली येते. ही वाट पुढे आपोआप बुजते. काही मुलांत ती बुजत नाही. मग मूल रडले किंवा कुंथले की आतडे त्या वाटेने खाली घसरते. यालाच अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांतही शंभरांत एक ते पाच जणांना तो होतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत त्याहून अधिक, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक. रडण्याने तो दिसतो. रडण्याने तो होत नाही. आईच्या वागण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

बेंबीचा हर्निया बहुधा वाढत्या वयाबरोबर आपोआप बुजतो. जांघेतला बुजत नाही. खाली उतरलेले आतडे तेथेच अडकले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग काही तासांचाच अवधी उरतो. हा धोका पहिल्या वर्षात सर्वांत अधिक असतो. म्हणून निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लांबवू नये, असे शास्त्र सांगते. शस्त्रक्रिया साधी आहे : जांघेत लहानसा छेद घ्यायचा, पिशवी शोधायची आणि ती मुळाशी बांधून टाकायची. कुशल हातांना अर्धा तास पुरतो. निरोगी मूल त्याच दिवशी घरी जाऊ शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेवढे रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागते.

डॉक्टर आम्हांला म्हणाले, ‘किरकोळ ऑपरेशन आहे, काळजी करू नका.’ त्यांनी ते धीर देण्यासाठी म्हटले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरून पाहिले तर ते खरेही होते. परंतु एकच शब्द टेबलावरून एक अर्थ सांगतो आणि वॉर्डातल्या फरशीवरून दुसरा. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची; ती ज्या दिवसात बसविलेली असते तो दिवस मात्र कोणीच मोजत नाही.

रात्री बारापासून

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्हांला दाखल करून घेतले. त्यापूर्वी दोन खेपा झाल्या होत्या : एक तपासणीची, एक रक्त-लघवीच्या चाचण्यांची. रात्री परिचारिकेने सर्वांना एकच सूचना दिली, ‘बारानंतर तोंडाने काही द्यायचे नाही.’ ही सूचना चाळिशीच्या एका शेतकऱ्याला होती, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेल्या बाईला होती आणि अंगावर पिणाऱ्या आमच्या दोन मुलांनाही होती. यादीत आपला क्रमांक कितवा आणि वेळ कोणती, असे मी विचारले. ‘उद्या सकाळी साहेब ठरवतील’, असे उत्तर मिळाले.

शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आलेले पावरा जोडपे होते. नवरा यावलकडे एका केळीवाल्याच्या मळ्यात सालदार. सालदारकी म्हणजे काय हे खानदेशच्या वाचकाला सांगावयास नको : अखाजीला साल ठरते, उचल घेतलेली असते, आणि गैरहजेरीचा प्रत्येक दिवस खाडा म्हणून मांडला जातो. त्या माणसाचा हा चौथा खाडा होता. बायकोला मराठी जेमतेम कळे. परिचारिकेची सूचना त्याने तिला पावरीत सांगितली; किती सांगितली आणि तिला किती उमगली, ते मला ठाऊक नाही.

पहाटे पाचला माझा मुलगा उठला आणि रडू लागला. साडेसहाला पत्नीने विचारले, ‘थोडं पाजू का हो?’ मी ‘नाही’ म्हटले. सातला माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘पोऱ्याले भूक लागनी व्हई, माय.’ मी त्यांनाही गप्प केले. आठला यादी लागली. मोठ्या माणसांची नावे वर होती आणि आमची दोन मुले शेवटी. नऊला एका अडलेल्या बाळंतिणीला तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेले. तिला आधी नेणे योग्यच होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी एकच होते, त्यामुळे बाकीची यादी जागच्या जागी थांबली. माझा मुलगा रडला, आणखी रडला, आणि अकराच्या सुमारास रडायचा थांबला. मोठ्याने रडणाऱ्या मुलाची बापाला भीती वाटत नाही. पेंगुळल्या डोळ्यांनी छताकडे पाहत पडलेल्या मुलाची वाटते. बाराला त्याचे ओठ सुकले होते. दीड वाजता त्याला आत नेले. म्हणजे पाच महिन्यांचे मूल साडेतेरा तास उपाशी होते. आणि ते उपाशी राहील याची चोख काळजी मी, त्याच्या बापाने, घेतली होती.

शेजारच्या आईने ती काळजी घेतली नाही. पावणेदहाला, मुलाचा आक्रोश असह्य झाला तेव्हा, भिंतीकडे तोंड करून तिने त्याला पदराखाली घेतले. साडेअकराला विचारपूस झाली. नवऱ्याने खरे ते सांगितले. ‘तुला सांगितलं होतं ना गं? तुझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा,’ असे तिला ऐकावे लागले. मला त्याच तोंडाने ‘तुम्ही’ आणि तिला ‘तू’, हेही मी ऐकले. मग त्या दोन ओळी, मग अंगठा, मग तीन आठवड्यांनंतरची तारीख.

नियम कोणाचा?

घरी परतल्यावर मी एका परिचित भूलतज्ज्ञांना हा प्रकार सांगितला, आणि या विषयावर मिळाले ते वाचले. उपाशी ठेवण्याचा नियम मुळात योग्य आणि आवश्यक आहे. भुलीत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर माणूस दगावू शकतो. अमेरिकेतील कर्टिस मेंडेलसन यांनी बाळंतिणींच्या बाबतीत हा धोका १९४६ साली सप्रमाण मांडला आणि तेव्हापासून जगभर भुलीपूर्वी पोट रिकामे ठेवण्यावर कटाक्ष आला. हा नियम कोणीही आपल्या मनाने मोडू नये. शेवटचा शब्द भूल देणाऱ्या डॉक्टरचाच असला पाहिजे. हे मी निःसंदिग्धपणे नमूद करतो.

परंतु तो नियम ‘रात्री बारानंतर’ असा नाही. तो तासांचा आहे. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने १९९९ साली जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली त्यांत पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी दोन तास, आईच्या दुधासाठी चार तास आणि वरच्या दुधासाठी सहा तास, असा भेद केलेला आहे. आईचे दूध पोटातून लवकर पुढे सरकते, म्हणून ही सवलत. युरोपातील तज्ज्ञांनी २०२२ मध्ये आईच्या दुधाची मर्यादा आणखी कमी करून तीन तासांवर आणली. तान्ह्या मुलाला फार वेळ उपाशी ठेवणे हा स्वतःच एक धोका आहे : त्याच्या रक्तातील साखर उतरते, अंगातले पाणी कमी होते, शीर सापडणे अवघड होते.

आता हिशेब मांडू. हिशेब मांडणे हाच माझा धंदा आहे. माझ्या मुलाला दीडला आत नेले. त्याच्यानंतरचे नाव त्या पावरा मुलाचे. त्याची पाळी सव्वादोनच्या आधी येणे शक्य नव्हते. त्याच्या आईने त्याला पावणेदहाला पाजले. मधले अंतर साडेचार तासांचे भरते. म्हणजे जगातील भूलशास्त्र जेवढा अवधी मागते तेवढा, किंबहुना त्याहून अर्धा तास अधिक, तिने नकळत पाळला होता. जिने नियम मोडला म्हणून अंगठा दिला तिने शास्त्र पाळले होते. आणि ज्याला ‘समजूतदार नातेवाईक’ म्हणून शाबासकी मिळाली त्या मी माझ्या मुलाला नऊ तास जादा उपाशी मारले होते.

मग ‘रात्री बारा’ हा नियम कोणाच्या सोयीचा? ज्या रुग्णालयाला सकाळी आठपर्यंत स्वतःची यादी ठाऊक नसते, त्याच्या सोयीचा. सर्वांना एकच वेळ सांगितली म्हणजे कोणालाही केव्हाही आत घेता येते. यादी ठरविण्याचे कष्ट वाचतात, त्यांची किंमत मुलाची भूक भरते. आणि मुलाने ती भरण्यास नकार दिला की गुन्हा आईच्या नावावर चढतो. शासनयंत्रणेची गैरसोय कागदावर उतरताना गरिबाचा दोष होऊन उतरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिले नाही.

‘त्याला काय कळतंय?’

दाराशी मुलाला माझ्या पत्नीच्या हातून घेतले आणि दार लागले. गुंगी येईपर्यंत आईला जवळ थांबू द्यावे, अशी मी विनंती केली. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय?’ असे उत्तर आले. या उत्तराला एक इतिहास आहे, आणि तो लाजिरवाणा आहे.

तान्ह्या मुलाला वेदना कळत नाहीत, निदान लक्षात राहत नाहीत, अशी समजूत प्रगत देशांतील वैद्यकातही १९८० च्या दशकापर्यंत होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, केवळ हालचाल थांबविणारे औषध देऊन, वेदनाशमनावाचून मोठ्या शस्त्रक्रिया केल्या जात. १९८५ साली अमेरिकेतील जिल लॉसन या आईला, आपले अपुऱ्या दिवसांचे मूल गेल्यानंतर, त्याच्या कागदपत्रांवरून हे समजले. तिने प्रश्न विचारले. तिला दूर सारण्यात आले. तिने वर्तमानपत्रांकडे धाव घेतली. त्याच सुमारास इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी दाखवून दिले की, योग्य वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी होतात. त्यांचा हा अभ्यास १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा बाळांनाही वेदनाशमन मिळालेच पाहिजे, असे जाहीर केले. एका आईचा हट्ट आणि आपल्या शेजारच्या इंदुरात शिकलेल्या एका डॉक्टरचे संशोधन एकत्र आले, तेव्हा ‘त्याला काय कळतंय’ हे शास्त्र मोडीत निघाले. शास्त्र निघाले, वाक्य मात्र आमच्या वॉर्डाच्या दाराशी अजून उभे आहे.

आईला जवळ ठेवणे ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे कोणी म्हणेल. त्याने ग्लासगोच्या जेम्स निकोल यांचे काम पाहावे. ग्लासगो हे त्या काळी गिरणी-गोदी कामगारांचे, दाटीवाटीच्या चाळींचे शहर. तेथील मुलांच्या रुग्णालयाच्या दवाखान्यात निकोल यांनी दहा वर्षांत ८,९८८ मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना त्याच दिवशी घरी पाठविले. त्यांत हर्नियाची मुले होती, फाटलेल्या ओठांची होती, वाकड्या पावलांची होती. हा अहवाल त्यांनी १९०९ साली मांडला. अंगावर पिणारे मूल आईपासून तोडणे हे त्याच्या हिताचे नाही, असा त्यांचा आग्रह होता. आणि दुरून आलेल्या आयांना बाळासह राहता यावे म्हणून त्यांनी रुग्णालयाजवळ एक लहानसे घर ठेवले होते. पुढे १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण केले. आईवाचून मुकाट झालेली ती मुलगी ‘शहाणी रुग्ण’ नव्हती, ती खचलेली होती, हे त्या चित्रपटाने दाखविले. ब्रिटनमध्ये पुष्कळ डॉक्टर त्यावर रागावले. परंतु १९५९ साली तेथील प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ मुक्तपणे राहू द्यावे अशी शिफारस केली.

निकोल यांच्याजवळ १९०९ साली जे होते त्यातले आमच्याजवळ आज काय नाही? खोली आहे, खाट आहे, आई तर आहेच. नाही ती फक्त एक जाणीव : तान्ह्या मुलाच्या उपचारात आई ही अडगळ नसून उपचाराचाच भाग आहे.

फुकट शस्त्रक्रियेचा खर्च

येथे कोणी योजनांची यादी वाचून दाखवील. ती मीच वाचतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा धुळे जिल्हा होता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सर्व शिधापत्रिकाधारकांना देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. हे सारे चांगलेच झाले. माझ्या मुलाच्या शस्त्रक्रियेला एक पैसाही पडला नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो.

पण दिवस फुकट नव्हता. तपासणी, चाचण्या, दाखल होणे, शस्त्रक्रिया, पुन्हा दाखविणे. असे माझे सहा दिवस गेले आणि जिनिंगच्या ऐन हंगामात सहा दिवसांचा पगार गेला. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, तान्ह्याला तिकीट नाही. बाकीचे आमचे आम्ही भरले. सासूबाई दोन रात्री वऱ्हांड्यात थंडीत निजल्या. माझे हे भागले. सालदाराचे भागत नाही. त्याच्या चार खाड्यांवर पाचवा चढला, आणि हाती शस्त्रक्रियेऐवजी तारीख आली. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजात रुग्णाला घरी परतण्याचे एकदाचे एसटीभाडे धरलेले असते. येण्याचे धरलेले नाही. आणि शस्त्रक्रिया न होताच परत पाठविलेल्याचे तर कोठेच नाही.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी देशभर सुरू झाला. २०१४ मध्ये त्याचे लाभ एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांना लागू झाले : मोफत उपचार, मोफत औषधे व तपासण्या, घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत घरापर्यंत मोफत वाहन. माझा मुलगा पाच महिन्यांचा, तो पावरा मुलगा सात महिन्यांचा. दोघेही वयाने या हक्कात बसतात. मी खिडकीवर विचारले. उत्तर मिळाले, ‘ती आजारी बाळांसाठी आहे, ऑपरेशनच्या बाळांसाठी नाही.’ ज्याचे आतडे जांघेत उतरले आहे ते बाळ आजारी नसेल तर आजारी कोण, हे मला अद्याप समजलेले नाही. हक्क कागदावर असतो. तो मागणाऱ्याला मिळतो आणि ज्याला ठाऊकच नाही त्याला मिळत नाही. म्हणजे ज्याला त्याची सर्वाधिक गरज, त्याच्यापासून तो सर्वाधिक दूर.

दोष डॉक्टरचा नव्हे, हिशेबाचा

आमच्या बाजूची माणसे अशा वेळी डॉक्टरांवर तुटून पडतात. ते मला मान्य नाही. एक भूलतज्ज्ञ, त्याच्यापुढे अडलेली बाळंतीण, मोडलेले हात, पित्ताशये आणि दोन तान्ही मुले. तो तरी काय करणार? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालानुसार देशातील ग्रामीण भागात, सामुदायिक आरोग्य केंद्रांत, आवश्यक त्या शल्यचिकित्सकांपैकी आणि बालरोगतज्ज्ञांपैकी शंभरांत ऐंशीहून अधिक कमी होते. खानदेशात धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येऊन काही दशके झाली, जळगावला ते २०१८ मध्ये आले. महाविद्यालये शहरांत आली हे योग्यच. परंतु त्यांतून शिकून बाहेर पडणारा तज्ज्ञ चोपडा, यावल, शिरपूर, साक्री येथे टिकेल अशी नोकरी, निवास आणि साहाय्यक आम्ही निर्माण केले नाहीत. म्हणून सातपुड्याचे मूल शहराकडे येते आणि शहरातली यादी तुंबते.

हे दारिद्र्य दैवी नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले की, पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही पुरेशा वैद्यकीय उपचारांपासून वंचित राहता कामा नये. १९७८ च्या आल्मा-आता घोषणेवर भारताची संमती आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही. विम्याच्या पत्रिका वाटणे सोपे आहे, कारण पत्रिकेवर छायाचित्र छापता येते. भूलतज्ज्ञाच्या पदावर छायाचित्र छापता येत नाही, म्हणून ते पद रिकामे राहते.

मागण्या मोठ्या नाहीत

तज्ज्ञांची पदे भरण्याचा लढा दीर्घ आहे आणि तो लढावाच लागेल. परंतु त्या दिवसातील अर्धे हाल असे आहेत की, जे उद्यापासून, एक पैसाही न घालता थांबविता येतील.

पहिली गोष्ट, शस्त्रक्रियेच्या यादीत तान्ही मुले सर्वांत वर असावीत. बहुतेक ठिकाणी हा शिरस्ता असतो. तो सर्व ठिकाणी आदेश म्हणून लागू व्हावा. तातडीचा रुग्ण मध्ये आला तर आईला ताबडतोब सांगावे आणि मुलाला आता दूध अथवा पाणी देता येईल काय हे भूलतज्ज्ञाला विचारून कळवावे.

दुसरी, उपाशी ठेवण्याची वेळ प्रत्येक मुलासाठी वेगळी, तासांत आणि दुधाच्या प्रकारानुसार लिहून द्यावी. आणि ती आईच्या भाषेत, पावरीत, भिल्लीत, अहिराणीत, तोंडी समजावून सांगावी. आशा कार्यकर्ती हे काम करू शकते. या कामाचा मोबदला तिला मिळाला पाहिजे.

तिसरी, गुंगी येईपर्यंत आणि शुद्धीवर येताना आई मुलाजवळ असावी.

चौथी, एक वर्षापर्यंतच्या शस्त्रक्रियेच्या बाळांना जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे वाहन मिळते की नाही, याचा निःसंदिग्ध आदेश प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावावा. रोजंदारीवरील आईबापांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई हाही उपचाराचाच खर्च मानावा.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : रद्द झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद कारणासह वेगळ्या वहीत व्हावी, आणि ‘नातेवाइकांची चूक’ हे कारण लिहिण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्या दोषाच्या कागदावर अंगठा देणाऱ्याला तो दोष निदान ऐकण्याचा अधिकार असला पाहिजे.

हे कोण करवून घेणार? प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे. तिच्या बैठकीला कोण जाते, याची आपापल्या तालुक्यात चौकशी करा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. वर्षभरात लहान मुलांच्या किती शस्त्रक्रिया रद्द झाल्या आणि कोणत्या कारणांनी, एवढा एकच प्रश्न विचारा. दर आठवड्याला मोर्चाच काढला पाहिजे असे नाही. आठवड्यातून एक सकाळ एका कार्यकर्त्याने वॉर्डात जाऊन बसावे, यादी वाचून दाखवावी, अर्ज लिहून द्यावा; पक्षाचे हेही कामच आहे, आणि ते सभेतल्या भाषणाहून अवघड आहे.

माझा मुलगा बरा आहे. जांघेतली खूण आता शोधावी लागते. तीन आठवड्यांनी मी त्याला दाखवायला नेले तो दिवस मुद्दाम त्या पावरा मुलाच्या तारखेचा निवडला होता. यादीत त्याचे नाव होते. बाकीची नावे एकेक करून पुकारली गेली. त्याचेही पुकारले गेले, दोनदा. दुपारपर्यंत मी बाकावर थांबलो. ते आले नाहीत. परिचारिकेने नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले आणि पान उलटले. सालदाराला सहावा खाडा परवडला नसेल. एसटी मिळाली नसेल. किंवा जेथे आपल्याला दोषी ठरविले तेथे पुन्हा जायचे नाही, असे त्या आईने ठरविले असेल. यांपैकी काय झाले हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकाना नाही. तो रकाना उघडून घेणे हे आपले काम आहे. आणि जोवर तो रिकामा आहे तोवर खानदेशातील कोणत्याही तान्ह्या मुलाच्या शस्त्रक्रियेला किरकोळ म्हणण्याचा अधिकार या शासनाला नाही.